शाळेत माती कशी शिकवायची? 'मृदा' हा पाठ शिवारात न्यायचा आहे

शिवारगुरुजी

मंगळवेढा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी शिकवतो. सातवीच्या भूगोलात 'मृदा' असा स्वतंत्र पाठ आहे. पाठ चांगला आहे. माती कशी तयार होते, तिच्यात काय काय असतं, धूप का होते, महाराष्ट्रात कुठे कोणती माती आहे, सगळं आलंय. अडचण एवढीच की दोन-तीन तासिकांत तो संपतो, स्वाध्याय वहीत उतरतो आणि पुढे वर्षभर मातीचं नाव निघत नाही. ५ डिसेंबरला जागतिक मृदा दिनाची प्रभातफेरी निघते, तेवढंच.

आणि ही मुलं राहतात कुठे? शाळेच्या कुंपणापलीकडे खोल काळी जमीन आहे. पावसाळ्यात रान मोकळं ठेवायचं, ओल धरायची आणि त्या ओलीवर हिवाळ्यात ज्वारी काढायची, ही इथली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पण "ही जमीन एवढी ओल धरते कशी?" असं विचारलं की वर्ग गप्प. फार तर "काळी आहे म्हणून" असं उत्तर येतं.

माझं ठाम मत आहे की माती जून ते मार्च, शिवारात, हातात घेऊनच शिकवायला हवी. तुमच्याकडे कोणी असं केलंय का? बिनखर्चाचे कोणते प्रयोग मुलांना जमतात? आणि यासाठी वेगळा विषय हवा, की आहे त्याच तासिकांत बसवावं?

निंबोणी

वाखुसा (वाचनखूण साठवली). आमच्या मुख्याध्यापिकांना दुवा पाठवलाय.

आप्पा_खुरपीवाले

गुरुजी, माती परीक्षण प्रयोगशाळेत माझी बरीच वर्षं गेली. नमुना घेण्यापासून सुरुवात करा. नमुना चुकला की पुढचं सगळं परीक्षण वाया, आणि हे काम सातवीच्या मुलांना नीट जमतं. बांधाजवळ, उकिरड्याच्या जागी, झाडाखाली, नुकतं खत टाकलेल्या जागी नमुना घ्यायचा नाही. रानात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी 'व्ही' अक्षराच्या आकाराचा वीतभर खोल खड्डा घ्यायचा, आतली माती बाहेर टाकायची आणि खड्ड्याच्या एका बाजूने वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीचा थर खरवडायचा. सगळी माती गोणपाटावर एकत्र करायची, चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन काढून टाकायचे, उरलेली पुन्हा मिसळायची. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. सूक्ष्म अन्नद्रव्यं तपासायची असतील तर लोखंडी खुरपं वापरू नका, लाकडी किंवा प्लॅस्टिकचं घ्या.

दुसरं. मृदा आरोग्य पत्रिकेची योजना फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झाली. पत्रिकेवर १२ गोष्टी असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल (मँगनीज), बोरॉन, सामू (आम्ल-विम्लपणा), क्षारांचं प्रमाण आणि सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या काडीकचऱ्यातून मातीत आलेला कार्बन). बऱ्याच घरांत ही पत्रिका पासबुकाच्या पिशवीत घडी घालून पडलेली असते. मुलांना ती आणायला सांगा आणि सेंद्रिय कर्बाचा आकडा शोधायला लावा. ०.५ टक्क्यांच्या खाली म्हणजे कमी, ०.७५ च्या वर म्हणजे भरपूर, असं ढोबळमानाने धरतात. त्या एका आकड्यावर वर्षभर बोलता येईल.

भीमाकाठ

मास्तर, राग मानू नका, पण मी पालकाच्या बाजूनं बोलतो. ऊस आहे माझा. मागं एकदा पोरगं शाळेतनं आलं आणि म्हणालं, "पप्पा, युरिया टाकू नका, त्यानं माती मरती." उधारीवर खत उचलतो आम्ही. टनेज पडलं तर देणी कशानं भागवायची, हे पोराला कोण सांगणार? पोरांना माती दाखवा, हवी तेवढी दाखवा. माझ्या रानात आणा, मी स्वतः ढेकळं फोडून दाखवतो. पण बापाला उपदेश करायला शिकवू नका.

गच्चीवरची_ताई

भीमाकाठ, तुमची अडचण कळते, पण थोडं असहमत. मुलांमुळेच घरं बदलतात. आमच्या सोसायटीत ओला-सुका कचरा वेगळा व्हायला लागला तो मुलांनी हट्ट धरला म्हणून. फटाक्यांचंही तसंच झालं. मग मातीबद्दल मुलांनी घरी बोललं तर बिघडलं काय?

भीमाकाठ

ताई, फटाके बंद केले की घरात पैसा वाचतो. खत एकदम बंद केलं की घरात येणारा पैसा थांबतो. त्यात फरक आहे.

काळ्या_रानाची_लेक

भीमाकाठ यांना पूर्ण अनुमोदन. माझं माहेर पंढरपूरकडचं, शेतकऱ्याचं घर. शाळेत मुलांना निष्कर्ष हातात दिला की ती घरी येऊन तो बापाच्या अंगावर फेकतात. मोजायला दिलं तर ती बापाला विचारायला येतात. माझ्या मते खरा धडा तिथे आहे.

गुरुजी, एक सुचवते. मुलांना त्यांच्याच रानाचा जमाखर्च मांडायला सांगा. ज्वारीचं उदाहरण घ्या. कणीस खुडून खळ्यावर जातं. कडबा पेंढ्या बांधून गोठ्यात. काही ठिकाणी धसकटंसुद्धा वेचून चुलीत घालतात किंवा बांधावर पेटवतात. कडबा खाऊन जनावरानं शेण दिलं, तर त्यातलं निम्मंशिम्मं गोवऱ्यांना. मग त्या रानात परत काय गेलं? एका मुलीने वहीच्या डाव्या पानावर 'रानातून काय गेलं' आणि उजव्या पानावर 'रानात काय परत आलं' असं लिहायचं. डावं पान भरतं आणि उजव्या पानावर एखादी ट्रॉली शेणखत आणि खताची पोती एवढंच उरतं. कुणाला दोष द्यायची गरज पडत नाही. आजीला विचारलं तर ती सांगते की पूर्वी जनावरं जास्त होती, मेंढ्या बसवायचे, तुरीचा पाला पडायचा, बेवड (आधी कुठलं पीक होतं ते) बघून पीक घ्यायचे. उजवं पान तेव्हा किती भरलेलं असायचं, हे मुलांनीच काढायचं.

आप्पा_खुरपीवाले

वा, हे फार उत्तम. यात माझी भर. भीमाकाठ, तुमच्या मुलाला शाळेत अर्धवट सांगितलं गेलं. युरिया विष नाही. पिकाला नत्र लागतं आणि ते शेणातून आलं काय नि गोणीतून आलं काय, मूळ ते ओढतं त्याच रूपात. बिघडतं ते नुसत्या नत्रावर भर दिल्याने आणि रानात काडीकचरा परत न गेल्याने. आपल्याकडच्या उष्णतेत सेंद्रिय पदार्थ फार लवकर कुजून उडून जातो, त्यामुळे दरवर्षी थोडं थोडं घालत राहावं लागतं. उसाचं पाचट न जाळता सरीत कुजवलं तर तेच रानाचं खत. मुलांना शिकवायचं असेल तर 'रसायन वाईट, सेंद्रिय चांगलं' एवढ्यावर थांबू नका.

खटपट्या

गुरुजींनी बिनखर्चाचे प्रयोग विचारलेत, तिकडे वळूया का? आमच्या तालुक्यातल्या शाळेत केलेले सांगतो.

पाणी जिरण्याचा प्रयोग: तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा, दोन्ही तोंडं कापलेला, कडा ठोकून बोथट केलेल्या. तो चार बोटं जमिनीत ठोकायचा, लिटरभर पाणी ओतायचं आणि वेळ बघायची. एक डबा शाळेच्या मैदानात, एक लिंबाच्या झाडाखाली पालापाचोळ्यात, एक नांगरलेल्या रानात. झाडाखालचं पाणी बघता बघता आत गेलं. मैदानावर तास संपला तरी डब्यात तळं साचलेलं. एक मुलगा आपण होऊन म्हणाला, "म्हणून आमच्या वस्तीवरच्या रस्त्याकडेला पूर येतो." पाठात 'अपधाव' (न जिरता वाहून जाणारं पाणी) शब्द आहे, त्याला तो त्या दिवशी समजला.

धुपीचा प्रयोग: प्लॅस्टिकच्या तीन बाटल्या आडव्या ठेवून वरची बाजू कापायची. एकीत उघडी माती, दुसरीत मातीवर पाला, तिसरीत हरळी उगवलेली. तिन्हींवर झारीने सारखं पाणी घालायचं आणि तोंडाशी भांडं धरायचं. पहिल्या भांड्यात चहासारखं पाणी येतं, तिसऱ्यात जवळजवळ नितळ.

आप्पा_खुरपीवाले

खटपट्या, डब्याचा प्रयोग छान, पण काळ्या जमिनीत तो मे महिन्यात करू नका. तेव्हा पाणी भेगांतून सरळ खाली जातं आणि मुलांना वाटतं की काळी माती पाणी भराभर पिते. ओली झाली की हीच माती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी मुंगीच्या पावलाने जिरतं. गुरुजींच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे: या मातीत फुगणारी, अतिशय बारीक कणांची चिकणमाती असते, ती ओल धरून ठेवते. नुसत्या काळ्या रंगाने ओल राहत नाही. वाफसा आल्यावर, म्हणजे ओल मशागतीजोगी झाल्यावर, प्रयोग करा. वाफसा आला की नाही हेही मुलांनीच ठरवायचं. मूठभर माती दाबून गोळा करायचा आणि छातीच्या उंचीवरून सोडायचा. फुटून भुगा झाला तर वाफसा, चपटा होऊन चिकटला तर अजून थांबायचं.

रोहिणी_झ्यूरिक

इथे स्वित्झर्लंडमध्ये २०२१ साली एक गमतीचा आणि अगदी गंभीर प्रकल्प झाला. ॲग्रोस्कोप ही सरकारी शेती संशोधन संस्था आणि झ्यूरिक विद्यापीठ यांनी मिळून लोकांना पांढऱ्या सुती चड्ड्या पाठवल्या आणि आपापल्या बागेत, शेतात पुरायला सांगितल्या. एक महिन्याने एक काढायची, दुसरी दोन महिन्यांनी. मातीत जिवाणू, बुरशी, किडे भरपूर असतील तर कापूस खाल्ला जातो आणि हातात फक्त इलॅस्टिक उरतं. लोकांनी फोटो काढून पाठवले. शाळेत हे सहज जमेल.

खटपट्या

आमच्या वर्गात हे सांगितलं तर निम्मी मुलं वडिलांचं बनियन पुरतील. मग वडील ते शोधत रानात येतील, म्हणजे पालकांचा सहभागही झाला!

निंबोणी

:हाहा: बनियनवर नाव लिहून पुरायला सांगा.

आप्पा_खुरपीवाले

जुन्या सुती धोतराचा हातभर तुकडा पुरेसा आहे. टेरिकॉट नको, त्यातलं पॉलिएस्टर कुजतच नाही. खूण म्हणून काठी रोवा. आपल्याकडे वाळवी असते हे ध्यानात ठेवा. कापड एका रात्रीत गायब झालं आणि जागी मातीच्या नळ्या दिसल्या तर ते वाळवीचं काम, ते वहीत वेगळं नोंदवा.

डोंबिवलीकर_आजोबा

आमच्या नातवाच्या शाळेत मैदानाला पेव्हर ब्लॉक आहेत. माती हातात घ्यायची तर कुंडी, नाहीतर रस्त्याकडेच्या झाडाचं आळं. शहरातल्या शाळांनी काय करावं? शिवाय सूनबाई म्हणतात, मातीत हात घातले की जंत होतात.

गच्चीवरची_ताई

आजोबा, जंतांची भीती खोटी नाही. त्यावर उपाय साबण, कापलेली नखं आणि पायात चप्पल. हाताला जखम असेल तर त्या दिवशी त्या मुलाने नोंदी लिहायच्या. धनुर्वाताची लस वेळेवर झाली आहे ना हे पालकांनी बघायचं. एवढं केलं की मातीत खेळायला हरकत नाही.

शहरात एक गोष्ट फुकट मिळते: बांधकामाच्या पायाचा खड्डा. पुण्यात कुंपणाबाहेरून सुरक्षित अंतरावर उभं राहून बघितलं तरी वर काळसर माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण असे थर स्पष्ट दिसतात. तो खडक म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यावर हातभर माती तयार व्हायला हजारो वर्षं लागली आणि जेसीबीने ती एका दिवसात ट्रकमध्ये भरली. मुलं तो खड्डा बघून आल्यावर प्रश्नच प्रश्न विचारतात.

काळ्या_रानाची_लेक

गावात हेच ओढ्याच्या दरडीत दिसतं. वर काळी, मग चुनखडीचे पांढरे खडे, मग मुरूम, मग मांजऱ्या खडक. जुन्या विहिरीतही दिसतं, पण मुलांना विहिरीच्या काठावर नेऊ नका, दरडच बरी.

चुनखडीवरून: त्या खड्यावर लिंबू पिळलं की फसफसतं. हा प्रयोग लहान मुलांना फार आवडतो. आणि अशाच रानात भुईमुगावर केवडा का पडतो, म्हणजे पानं पिवळी का होतात, हे मोठ्या मुलांना तिथून समजावता येतं. जमिनीत लोह असतं, पण चुनखडीमुळे ते मुळांना मिळत नाही.

खाजनकार

गोव्यातून लिहितोय. आमच्याकडे माती म्हटली की डोंगरावर जांभा आणि खाली खाजन. खाजन म्हणजे खाडीकाठी बांध घालून मिळवलेली जमीन. बांधाला 'मानस' असते, लाकडी दारांची. भरती आली की दारं आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात. त्या खारट जमिनीत 'कोरगुट' भात टिकतं. बांध फुटून खारं पाणी आत आलं की रानं पडीक होतात. इथल्या काही मुलांना मानस ही मासे धरायची जागा म्हणूनच ठाऊक. शिक्षकांनी एकदा ओहोटीच्या वेळी तिथे उभं करून दाखवावं, भूगोल आणि गावकीचा कारभार दोन्ही एकदम शिकून होतात. माती एकट्या शेतकऱ्याची नसते, तिचा बांध सगळ्या गावाने राखायचा असतो, हे खाजनात लगेच दिसतं.

फणसवाडी

कर्जत-नेरळ भागात चंद्रशेखर भडसावळे यांनी भातासाठी सगुणा तंत्र आणलं. राब भाजायचा नाही (रोपांच्या जागी पालापाचोळा जाळायचा नाही), चिखलणी करायची नाही, एकदा गादीवाफे केले की पुढे नांगरायचं नाही, कापलेल्या भाताची मुळं जमिनीतच कुजू द्यायची. शाळेने एवढंच करावं: चिखलणीचं एक खाचर आणि गादीवाफ्याचं एक खाचर, दोन्हींतून फावडंभर माती काढून गांडुळं मोजायची. आमच्या मुलांनी मोजली तेव्हा आकडा लिहायची घाई कुणालाच नव्हती, सगळी गांडुळं परत ठेवण्यातच गुंतली होती.

अक्षता

अवांतर: सगळे मातीबद्दल बोलताय तर विचारते. शाळेत शाडूच्या गणपतीची कार्यशाळा होते, तीही मातीची ओळख म्हणून चालेल ना?

आप्पा_खुरपीवाले

चालेल, पण शाडू बहुतेक गुजरातेतून येते. मुलांच्या पायाखालची माती वेगळी. त्यापेक्षा बेंदराला किंवा पोळ्याला ओढ्याकाठच्या मातीचे बैल करायला लावा. कुठली माती चिकट, कुठल्या मातीला वाळल्यावर तडे जातात, हे हाताला कळतं. काळ्या मातीचा बैल वाळताना हमखास तडकतो.

काळ्या_रानाची_लेक

सणांवरून आठवलं, घटस्थापना! घटाखाली रानातली माती आणून धान्य पेरतात. माझी आजी नवव्या दिवशी कुठलं धान्य चांगलं उगवलंय ते बघून रब्बीचा अंदाज बांधायची. शाळेत पाच डब्यांत पाच रानांची माती घेऊन एकच बियाणं, सारखंच पाणी. मुलांना घरात बघितलेली गोष्ट शाळेत मोजायला मिळते.

वर्धेकर

वेगळा विषय हवा का, या गुरुजींच्या प्रश्नावर कुणीच बोललं नाही. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली तेव्हा शेती आणि हातकाम हेच शिकण्याचं माध्यम असावं असं म्हटलं होतं. तो तासापुरता विषय नव्हता. पाबळचा विज्ञान आश्रम डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली सुरू केला, तिथेही हाताने काम करत शिकण्यावरच भर. माझं मत: वेगळा विषय नकोच. वेगळा विषय आला की वेगळं पुस्तक, वेगळी परीक्षा, आणि माती पुन्हा कागदावर. डब्याच्या प्रयोगातली वेळ गणितात सरासरीला द्या, आजीची मुलाखत मराठीत निबंधाला, दरडीचं चित्र चित्रकलेला. पोषण आहाराची परसबाग बऱ्याच शाळांत आहे, तिच्या एका वाफ्यात पालापाचोळा घाला, दुसऱ्यात नको. तीच प्रयोगशाळा.

अक्षता

थोडी असहमत. तासिका राखून ठेवली नाही तर मार्चच्या घाईत पहिला बळी याचाच जातो. शिक्षक बदलून गेले की उपक्रमही जातो. वेळापत्रकात आठवड्याला एक तास तरी लेखी हवा.

वर्धेकर

तास लेखी असावा, हे मान्य. परीक्षा नको.

शिवारगुरुजी

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. ठरवलं ते सांगतो. वेगळा विषय मागत बसणार नाही. शनिवारच्या सकाळच्या शाळेतला एक तास मातीचा, मुख्याध्यापकांनी वेळापत्रकात लिहून दिलाय. सुरुवात जमाखर्चाच्या वहीने करतोय, कारण त्यात प्रत्येक मुलाचं घर येतं आणि कुणाला दोषी धरायचं नाही. ज्यांना जमीनच नाही अशी मुलंही वर्गात आहेत. त्यांना परसबागेचा वाफा आणि ज्या रानात आई मजुरीला जाते त्या रानाचं निरीक्षण, अशी वाटणी केली आहे. खुरपणी करणाऱ्या बाईला माती जेवढी कळते तेवढी कित्येकदा मालकालाही कळत नाही, ती माहिती वहीत यायलाच हवी.

डब्याचा प्रयोग वाफशावर. कापड पुरणं दसऱ्यानंतर. ५ डिसेंबरला प्रभातफेरीऐवजी मुलं आपापल्या वह्या गावाला दाखवतील.

भीमाकाठ, तुम्ही रानात या म्हणालात ते खरंच मनावर घेतलंय. कधी येऊ?

भीमाकाठ

येत्या शनिवारी या. यंदा दोन एकरांत पाचट जाळलं नाही, सरीत दाबलंय. शेजारच्या चुलतभावानं जाळलंय. रान एकच, मधे नुसता बांध. पोरांनी दोन्हीकडची माती बघावी, काय दिसतं ते मलाबी बघायचंय. चहा-पोहे आमच्याकडं.

आप्पा_खुरपीवाले

दोन्ही रानांचे नमुने वेगळ्या कापडी पिशव्यांत भरा आणि आत चिठ्ठी टाका: गट क्रमांक, तारीख, आधीचं पीक, पाचट ठेवलं की जाळलं. चिठ्ठी शिसपेन्सिलने लिहायची, ओल्या मातीत शाई फुटते. आणि माती सावलीत वाळवा, उन्हात नको.